वसईच्या शाळेचा विद्यार्थी : संत गोन्सालो गार्सिया

फेब्रुवारी महिन्याचा पहिला आठवडा उजाडला की आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत दोन गोष्टी एकाच वेळी दारात येऊन उभ्या राहतात. एक म्हणजे दहावीच्या परीक्षेची धास्ती आणि दुसरी म्हणजे वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचा सण. एरवी या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असावा, असे कोणाच्या मनात येत नाही. वडीलधारी मंडळी नोव्हेनाला जातात, मुले पुस्तकांपुढे बसतात आणि सण व परीक्षा आपापल्या वाटेने निघून जातात.

मागील एका सणाच्या सुमारास भिवंडीतील काही कुटुंबांना भेटण्याचा योग आला. यंत्रमागांचा अखंड खडखडाट, गोदामांच्या रांगा आणि मालमोटारींची वर्दळ यांमधून वाट काढीत आम्ही एका घरी संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी जमलो. दहावीत शिकणारी पाच-सहा मुले पुढे चटईवर बसली होती. त्यांतील दोघे केवळ मुलांसाठी असलेल्या मिशनच्या शाळेत जाणारे होते. शाळेतील शेवटचे दिवस, निरोपसमारंभाची तयारी, एकमेकांच्या वह्यांत लिहून घेतलेले पत्ते यांविषयी ती उत्साहाने बोलत होती. प्रार्थना संपल्यावर त्यांच्यातील एकाने मान खाली घालून विचारले की, संतांपैकी कोणी कधी नापास झाला होता काय? सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही, कारण तो मुलगा थट्टा करीत नव्हता. सराव परीक्षेत तो दोन विषयांत राहिला होता, हे मला मागाहून कळले.

त्या मुलाला मी जे उत्तर दिले तेच आज वाचकांपुढे थोडे विस्ताराने मांडीत आहे. संत गोन्सालो गार्सिया यांच्या हौतात्म्याची कथा आपण पुष्कळ वेळा ऐकली आहे. ते शाळेतून बाहेर पडले तेव्हापासून क्रुसापर्यंतच्या पंचवीस वर्षांत त्यांना काय सोसावे लागले, याचा विचार आपण त्या मानाने कमी करतो.

किल्ल्यातील शाळा

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ साली तह करून वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. पुढे तेथे भक्कम तटबंदी उभी राहिली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचे ते प्रमुख ठाणे बनले. या किल्ल्यात १५५६-५७ च्या सुमारास गोन्सालोचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, तर आई याच कोकणच्या मातीतील. एका घरात दोन भाषा, दोन रंग, दोन रीती. त्या काळच्या समाजात अशा मुलाचे स्थान थोडे अधांतरीच असे. राज्यकर्त्यांच्या पंक्तीत तो पूर्णपणे बसत नसे आणि गावकऱ्यांच्या पंक्तीतही त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाई.

भिवंडीच्या वाचकांना हे ठिकाण दूरचे वाटू नये. भिवंडीची कामवारी नदी ज्या खाडीला मिळते, तीच खाडी पुढे वसईच्या तटाला वळसा घालून समुद्रात शिरते. मात्र गोन्सालोच्या बालपणी या दोन टोकांवर दोन वेगवेगळी राज्ये होती. कल्याण-भिवंडीचा मुलूख अहमदनगरच्या निजामशाहीकडे होता, तर खाडीच्या मुखाशी पोर्तुगीजांचा अंमल होता. पुढे १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत आपल्या आरमाराचा पाया घातला. गलबते, व्यापारी, शिपाई, धर्मोपदेशक असे सारे या पाण्यावरून ये-जा करीत. समुद्रापलीकडे फार मोठे जग आहे, हे किल्ल्यातील मुलांना कोणी पुस्तकातून शिकविण्याची गरज नव्हती.

वसईत येशूसंघाचे कार्य १५४८ पासून सुरू झाले. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पाय या भूमीला लागले होते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किल्ल्यात मंदिर व शाळा उभारली. शाळा अर्थातच केवळ मुलांची होती. मुलींच्या शालेय शिक्षणाचा विचार त्या काळी कोणी करीत नसे. आपल्या भागात भगिनींच्या कॉन्व्हेंट शाळांनी ती उणीव भरून काढण्यास पुढे कित्येक पिढ्या जाव्या लागल्या. वाचन, लेखन, ख्रिस्ती शिकवण, प्रार्थना आणि गायन हा येशूसंघाच्या अशा शाळांचा पाया असे. पोर्तुगीज घरांतील, मिश्र कुटुंबांतील आणि नुकत्याच ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांतील मुले तेथे एकत्र वाढत.

या शाळेत गोन्सालोला फादर सेबास्तियन गोन्साल्वीस हे गुरू लाभले. सुमारे आठ वर्षे तो त्यांच्या छायेखाली होता. आजच्या हिशेबाने पाहिले तर दुसरी-तिसरीपासून जवळजवळ नववी-दहावीपर्यंतचा हा काळ होय. एकाच शिक्षकाच्या सहवासात इतकी वर्षे घालविलेल्या मुलाच्या मनात त्या शिक्षकासारखे व्हावे अशी ओढ निर्माण झाली, तर त्यात नवल ते काय? आपल्यापैकी अनेक धर्मगुरूंना धर्मगुरू होण्याची पहिली इच्छा अशाच एखाद्या शाळेच्या व्हरांड्यात, अशाच एखाद्या फादरकडे पाहून झालेली आहे.

शाळेचा निरोप

गोन्सालो पंधराएक वर्षांचा असताना, म्हणजे १५७२ साली, फादर सेबास्तियन जपानच्या मिशनकार्यासाठी निघाले आणि त्यांनी आपल्या या विद्यार्थ्याला बरोबर घेतले. आज त्या वयाची आपली मुले अकरावीच्या प्रवेशाचे अर्ज भरीत असतात. कोणते महाविद्यालय मिळेल, लोकलने जावे लागेल की बसने, याची चर्चा घरोघर चाललेली असते. गोन्सालोचा प्रवास वाऱ्यांच्या भरवशावरचा होता. जहाजे पूर्वेकडे मलाक्का आणि मकाव यांच्या मार्गाने जात, योग्य वारा सुटेपर्यंत बंदरात महिनोन् महिने थांबत, आणि वादळात किंवा आजारात किती माणसे दगावतील याचा नेम नसे. वसईचा किनारा त्या मुलाने त्या दिवशी पाहिला आणि पुढे त्याचे सारे आयुष्य दूर पूर्वेकडे गेले.

जपानमध्ये ख्रिस्ती धर्माचा प्रवेश १५४९ साली संत फ्रान्सिस झेवियर यांच्या आगमनाने झाला होता. नागासाकीचे बंदर पोर्तुगीज जहाजांसाठी १५७१ साली खुले झाले होते. देशात सरदारांची आपापसांत युद्धे चालू होती. कोठे सरदार ख्रिस्ती झाला म्हणून मंदिरे उभी राहत, तर कोठे नवा सरदार आला म्हणून ती पाडली जात. अशा वातावरणात वसईचा हा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा येऊन पोहोचला.

त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे भाषा आत्मसात केली. जपानी भाषा परदेशी धर्मगुरूंना फार जड जात असे. थोरामोठ्यांशी बोलण्याची रीत वेगळी, बरोबरीच्यांशी बोलण्याची वेगळी. घरात दोन भाषा ऐकत वाढलेल्या गोन्सालोने ती झपाट्याने उचलली. पुढील आठ वर्षे त्याने धर्मशिक्षक म्हणून काम केले. तो लोकांना शिकवणूक देई, प्रार्थना शिकवी, आजाऱ्यांना भेटे, धर्मगुरूंच्या वतीने बोले. साध्या माणसांना तो आपला वाटू लागला.

बंद राहिलेले दार

या साऱ्या काळात त्याच्या मनात एकच इच्छा होती. ज्यांच्या शाळेत तो वाढला, ज्यांच्या कामात त्याने ऐन तारुण्य वेचले, त्या येशूसंघात आपल्याला प्रवेश मिळावा, ही ती इच्छा. ती पूर्ण झाली नाही. आशियात जन्मलेल्या, मिश्र रक्ताच्या तरुणांसाठी धर्मसंघांची दारे त्या काळी सहजासहजी उघडत नसत. गोन्सालो उत्तम भाषिक होता, विश्वासू होता, कष्टाळू होता. तरीही ते दार त्याच्यासाठी उघडले नाही.

येथे थोडे थांबले पाहिजे. संतांची चरित्रे सांगताना आपण अशा प्रसंगांवरून पटकन पुढे सरकतो, कारण शेवट गोड आहे हे आपल्याला ठाऊक असते. गोन्सालोला तो ठाऊक नव्हता. विशी ओलांडलेला एक तरुण, घरापासून हजारो मैल दूर, आठ वर्षांच्या सेवेनंतर, आपण ज्यासाठी आलो ते आपल्याला मिळणार नाही हे समजून घेत होता. आपल्या दहावीच्या मुलाला निकालाच्या कागदावर लाल रेघ दिसते तेव्हा त्याच्या पोटात जो खड्डा पडतो, त्याची कल्पना यावरून करता येईल. फरक इतकाच की गोन्सालोसाठी पुरवणी परीक्षा नव्हती.

तो कडवट झाला नाही. त्याने कोणाविरुद्ध तक्रार केली नाही आणि श्रद्धाही सोडली नाही. त्याने व्यापार सुरू केला. मिशनच्या कामात मिळविलेली भाषा आणि लोकांचा विश्वास हे त्याचे भांडवल होते. व्यापार चांगला चालला, निरनिराळ्या ठिकाणी त्याच्या शाखा निघाल्या. जहाजांबरोबर तो फिलिपाईन्समधील मनिला या शहरी जाऊ-येऊ लागला. कोणाही गृहस्थाने समाधान मानावे असे ते जीवन होते. भिवंडीसारख्या व्यापारी गावात राहणाऱ्या आपल्या लोकांनी हे लक्षात घ्यावे की, आपला पहिला संत काही वर्षे हिशेबाच्या वह्या लिहिणारा, मालाची ने-आण करणारा मनुष्य होता. त्या वर्षांतही देव त्याच्यापासून दूर गेला नव्हता.

मनिलातील ब्रदर

मनिला शहरात त्यांची फ्रान्सिस्कन संघाच्या धर्मगुरूंशी ओळख झाली. असिसीच्या संत फ्रान्सिसचे हे अनुयायी अनवाणी चालत, भिक्षेवर राहत आणि कुष्ठरोग्यांची सेवा करीत. गोन्सालो यांच्या मनात विझत आलेला अंगार पुन्हा फुलला. त्यांनी आपला भरभराटीचा व्यापार सोडून दिला आणि या संघात प्रवेश मागितला. या वेळी दार उघडले. धर्मगुरूपदाची दीक्षा त्यांना मिळाली नाही. ब्रदर म्हणून, सेवेकरी व्रतस्थ म्हणून त्यांना स्वीकारण्यात आले. पंधराव्या वर्षी पाहिलेल्या स्वप्नाहून हे निराळे होते. परंतु त्यांनी ते मनःपूर्वक स्वीकारले.

याच सुमारास जपानची सत्ता तोयोतोमी हिदेयोशी या पराक्रमी आणि संशयी वृत्तीच्या शासकाच्या हाती एकवटली होती. त्याने १५८७ साली धर्मोपदेशकांना देशाबाहेर घालविण्याचा हुकूम काढला होता, परंतु तो कडकपणे अमलात आला नव्हता. १५९२ साली त्याने कोरियावर स्वारी केली. फिलिपाईन्सनेही आपले वर्चस्व मान्य करावे, अशी त्याची मागणी होती. मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने तडजोडीसाठी वकिलात पाठविण्याचे ठरविले आणि तिचे नेतृत्व फादर पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंकडे सोपविले. आता प्रश्न दुभाषाचा होता. दरबारात बोलता येईल अशी जपानी भाषा कोणाला येत होती? ती येत होती ब्रदर गोन्सालो यांना.

१५९३ साली ते पुन्हा जपानला निघाले. ज्या आठ वर्षांचे फळ काहीच मिळाले नाही असे एकेकाळी वाटले असेल, त्याच आठ वर्षांनी शिकविलेली भाषा आता दोन सत्तांमधील शांततेसाठी उपयोगी पडली. हिदेयोशीसमोर उभे राहून वसईच्या या मुलाने फादर पेद्रो यांचे बोलणे त्याला समजावून दिले. शासकाचे समाधान झाले. फ्रान्सिस्कनांना देशात राहण्याची मुभा मिळाली आणि राजधानी क्योतो येथे त्यांना जागाही देण्यात आली.

तेथे त्यांनी मंदिर आणि मठ बांधला. गरिबांसाठी, विशेषतः समाजाने टाकलेल्या कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये काढली. ब्रदर गोन्सालो शिकवीत, भाषांतर करीत, रुग्णांची सेवा करीत. मठाच्या आवारात काही जपानी मुलेही राहत. ती मिस्सासाठी सेवा करीत, शिकत आणि कामात हातभार लावीत. एके काळी किल्ल्यातील शाळेत फादर सेबास्तियन यांच्या मागे-मागे फिरणारा मुलगा आता स्वतः मुलांना वळण लावणारा वडीलधारा झाला होता.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या काळी जपानमध्ये येशूसंघीय आणि फ्रान्सिस्कन यांच्यात बेबनाव होता. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८५ साली जपानचे मिशनकार्य येशूसंघाकडेच राहील असे ठरविले होते आणि फ्रान्सिस्कनांचे येणे अनेकांना रुचले नव्हते. ब्रदर गोन्सालो या दोहोंच्या मध्ये उभे होते. एका संघाने त्यांना शिकविले होते, दुसऱ्याने त्यांना सामावून घेतले होते. त्यांनी एकाचा राग धरून दुसऱ्याची सेवा केली, असे कोठे दिसत नाही.

वादळात सापडलेले जहाज

१५९६ सालच्या ऑक्टोबर महिन्यात मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागले. त्यावरील मौल्यवान माल जप्त करण्यात आला. त्या वादात जहाजावरील एका अधिकाऱ्याने स्पेनच्या साम्राज्याची बढाई मारली आणि आधी धर्मोपदेशक जातात व मागून सैन्य येते, अशा अर्थाचे काही तो बोलला, असे सांगितले जाते. संशयी हिदेयोशीला तेवढे निमित्त पुरे होते. राजकारणाचे आणि लोभाचे पाप निष्पाप माणसांच्या माथी आले.

८ डिसेंबर १५९६ रोजी क्योतो येथील फ्रान्सिस्कनांच्या मठाभोवती पहारा बसला. पुढे सर्वांना पकडून तुरुंगात टाकण्यात आले. मृत्युदंड ठरलेल्यांत सहा फ्रान्सिस्कन होते आणि संत पॉल मिकी यांच्यासह तीन जपानी येशूसंघीय होते. बाकीचे जपानी प्रापंचिक ख्रिस्ती होते. त्यांत धर्मशिक्षक, कारागीर आणि रुग्णालयातील सेवक होते. वाटेत आणखी दोघांची भर पडली आणि संख्या सव्वीस झाली. त्यांपैकी वीस जण जपानी होते. चौघे स्पेनचे होते. फेलिपे हे मेक्सिकोचे होते आणि गोन्सालो आपल्या वसईचे.

या सव्विसांत तीन शाळकरी वयाची मुले होती. लुईस इबाराकी बारा वर्षांचा, अँथनी तेरा वर्षांचा आणि थॉमस कोझाकी चौदा वर्षांचा. थॉमसचे वडील मायकल हेही त्याच रांगेत होते. या मुलांना ब्रदर गोन्सालो रोज पाहत होते.

बर्फातील वाट

३ जानेवारी १५९७ रोजी क्योतो येथे सर्वांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला आणि त्यांना गाड्यांवर बसवून शहरातून फिरविण्यात आले. लोकांच्या मनात दहशत बसावी, हा हेतू होता. घडले ते उलटेच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या ख्रिस्ती लोकांनी कापलेल्या कानांचे तुकडे आदराने उचलून घेतले. पुढे ओसाका आणि साकाई या शहरांतही त्यांची धिंड काढण्यात आली. त्यानंतर नागासाकीपर्यंतचा, शेकडो किलोमीटरचा प्रवास भर हिवाळ्यात सुरू झाला. नागासाकी हे ख्रिस्ती लोकांचे शहर होते, म्हणूनच शिक्षा तेथे द्यावयाची होती.

जवळजवळ महिनाभर ते चालत होते. वाटेत मिहारा येथील किल्ल्यात मुक्काम असताना चौदा वर्षांच्या थॉमसने आपल्या आईला पत्र लिहिले. आपल्यासाठी आणि वडिलांसाठी शोक करू नये, दोन धाकट्या भावांना जपावे आणि त्यांना श्रद्धेत वाढवावे, असे त्याने कळविले. ते पत्र आईपर्यंत पोहोचविण्याची संधी मिळाली नाही. वडिलांच्या मृतदेहावर, त्यांच्या कपड्यांत ते सापडले. दहावीच्या मुलांना पत्रलेखनाचा प्रश्न असतो. मी त्या संध्याकाळी मुलांना या पत्राविषयी सांगितले, तेव्हा चटईवर पूर्ण शांतता पसरली. चौदा म्हणजे आपल्या नववीतला मुलगा, हे त्यांच्या लक्षात आले होते.

नागासाकीची टेकडी

५ फेब्रुवारी १५९७ रोजी सकाळी सर्वांना नागासाकीजवळच्या निशिझाका टेकडीवर आणण्यात आले. समुद्राकडे तोंड करून सव्वीस क्रूस मांडून ठेवले होते. परंपरा सांगते की, आपला क्रूस कोणता हे विचारून ब्रदर गोन्सालो सर्वांत आधी पुढे झाले आणि सर्वप्रथम त्यांनाच क्रुसावर जखडण्यात आले. दुभाषा म्हणून आयुष्यभर ते इतरांच्या पुढे चालले होते. येथेही तेच पहिले राहिले.

बारा वर्षांच्या लुईसला धर्म सोडल्यास जीवदान देण्याची तयारी अधिकाऱ्याने दाखविली होती. त्याने ती नाकारली. अँथनीचे आईवडील टेकडीच्या पायथ्याशी रडत उभे होते. त्या मुलाने त्यांची समजूत घातली आणि तो आपल्या क्रुसाकडे गेला. पॉल मिकी यांनी क्रुसावरून शेवटचा उपदेश केला आणि आपल्याला मारणाऱ्यांना क्षमा केली. स्तोत्रे गाइली जात होती. मग भालेकरी दोन्ही बाजूंनी पुढे आले आणि एकेकाच्या कुशीतून भाले आरपार गेले. ब्रदर गोन्सालो तेव्हा सुमारे चाळीस वर्षांचे होते.

त्या टेकडीवर फ्रान्सिस्कन आणि येशूसंघीय एकाच रांगेत होते. गोन्सालो यांना ज्या संघात प्रवेश मिळाला नाही, त्या संघाचे तिघे त्यांच्याबरोबर प्राण देत होते. जिवंतपणी जो दुरावा मिटला नव्हता, तो तेथे मिटला. प्रभूने त्यांना त्यांच्या पहिल्या शाळेच्या माणसांपासून शेवटी वेगळे राहू दिले नाही, असे मला वाटते.

वेदीवरचा मान

पोप आठवे अर्बन यांच्या कारकिर्दीत १६२७ साली या हुतात्म्यांच्या सार्वजनिक भक्तीला मान्यता मिळाली. ८ जून १८६२ रोजी, पेन्टेकॉस्टच्या सणाच्या दिवशी, पोप नववे पायस यांनी रोममध्ये सर्वांना संतपद बहाल केले. अशा रीतीने भारतभूमीत जन्मलेल्या व्यक्तीला प्रथमच संत म्हणून गौरविण्यात आले. केरळच्या संत अल्फोन्सा यांना २००८ साली संतपद मिळाले तेव्हा त्या भारताच्या पहिल्या संत असल्याचे काही ठिकाणी म्हटले गेले. त्या पहिल्या भारतीय स्त्री-संत आहेत. वसईच्या गोन्सालो यांचा मान त्यांच्या आधी जवळजवळ दीडशे वर्षांचा आहे.

जपानमध्ये पुढे ख्रिस्ती धर्मावर संपूर्ण बंदी आली. मंदिरे गेली, धर्मगुरू गेले. तथापि १८६५ साली नागासाकीतील ओउरा येथे या सव्वीस हुतात्म्यांच्या नावाने नवे मंदिर उभे राहिले, तेव्हा काही गावकरी तेथे आले आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या गुप्तपणे ख्रिस्ती श्रद्धा जपली असल्याचे त्यांनी फ्रेंच धर्मगुरूंना सांगितले. दोनशेहून अधिक वर्षे धर्मगुरूंवाचून ती श्रद्धा घराघरांत टिकली होती. निशिझाका टेकडीवर १९६२ साली भव्य स्मारक उभारण्यात आले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली, तर पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली तेथे जाऊन प्रार्थना केली. त्या भिंतीवरील सव्वीस आकृतींमध्ये आपल्या वसईचा एक आहे.

इकडे वसईत १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला आणि हळूहळू तेथील मंदिरे व मठ ओस पडले. आज झाडाझुडपांतून दगडी भिंती आणि कमानी उभ्या आहेत. येशूसंघाच्या मंदिराचे दर्शनी तोंड अद्याप पाहावयास मिळते. शाळा राहिली नाही, मुलांचा गलबला राहिला नाही. संतांच्या नावाचे महाविद्यालय मात्र वसईत आहे आणि तेथे आता मुले व मुली एकत्र शिकतात. सणाच्या दिवसांत भाविक किल्ल्यात जमतात, तेव्हा ज्या अंगणातून पंधरा वर्षांचा एक मुलगा निरोप घेऊन गेला, त्याच अंगणात आपण उभे असतो.

जाता जाता एक कबुली

त्या संध्याकाळी भिवंडीत मुलांना ही कथा सांगत असताना दाराशी एक तरुण उभा होता. प्रार्थनेसाठी मुलांना त्यानेच गोळा केले होते. दिवसभर एका गोदामात काम करून तो रविवारी मुलांना धर्मशिक्षण देतो. काही वर्षांपूर्वी शाळेचे शेवटचे वर्ष संपवून तो माझ्याकडे आला होता. त्याला धर्मगुरू व्हायचे होते. त्याला घेता येणार नाही असे ठरले आणि ते त्याला सांगण्याचे काम माझ्याकडे आले. मी ते पाच मिनिटांत उरकले. कारणे बरोबर होती, अशी माझी तेव्हाही समजूत होती आणि आजही आहे. परंतु मी त्याला बसावयास सांगितले नव्हते, त्याच्या शिक्षकांविषयी किंवा घराविषयी काही विचारले नव्हते. दारापर्यंत सोडावयासही गेलो नव्हतो.

गोन्सालो यांच्या नकाराची हकीगत सांगता सांगता माझी नजर त्याच्याकडे गेली आणि पुढचे वाक्य मला लगेच सुचेना. गोन्सालोला कोणीतरी नकार दिला होता. तो देणारा माणूस वाईट नसेल, कदाचित माझ्यासारखाच घाईत असेल. आपण नेहमी नकार मिळालेल्याला धीर धरण्याचा उपदेश करतो. नकार देणाऱ्यांनाही काही शिकण्यासारखे आहे, हे आपण विसरतो.

मंडळी पांगल्यावर तो चटया गुंडाळत होता. मी त्याला जवळ बोलावून त्या दिवसाबद्दल क्षमा मागितली. तो थोडा ओशाळला. मग त्याने सांगितले की, ज्या मुलाने प्रश्न विचारला होता त्याला तो रोज रात्री कामावरून आल्यावर गणित शिकवितो आणि परीक्षेपर्यंत तो विषय नक्की सुटेल असे त्याला वाटते. एवढे बोलून तो उरलेल्या चटया उचलून आत गेला.

प्रिय पालक, शिक्षक आणि धर्मगुरू बंधूंनो, शाळेचे शेवटचे वर्ष मुलांच्या स्मरणात जन्मभर राहते. त्या वर्षी आपण त्यांच्याशी काय बोललो आणि कसे बोललो, हेही राहते. ज्यांना यश मिळेल त्यांचे आपण कौतुक करूच. ज्यांना नकार मिळेल त्यांना बसावयास सांगू या, त्यांचे ऐकून घेऊ या आणि दारापर्यंत सोडावयास जाऊ या. पुढची वाट परमेश्वराला ठाऊक आहे.

संत गोन्सालो गार्सिया यांच्या मध्यस्थीने परीक्षेला बसणाऱ्या आपल्या सर्व मुलामुलींना प्रभू शांत मन आणि चांगले सोबती देवो, हीच सणानिमित्त प्रार्थना.